तीन फूट आठ इंच

व्हर्लीन स्टोबॉ यांनी उभ्या आयुष्यात बिअरचा एक घोट घेतला नाही, आणि आमच्या सोरेल गावात आज बिअर मिळते ती त्यांच्यामुळे. हे मी परगावच्या कुणाला सांगितलं की तो हसतो. गावातलं कुणी हसत नाही.

मी गेलन पीव्ही. सोरेलचे नळ, मीटर, रस्त्यांतले खड्डे आणि भटकी कुत्री ही माझी खाती. एकतीस वर्षं मी ती सांभाळली. नगर कार्यालयाच्या मागच्या खोलीत माझं टेबल आणि पुढच्या खोलीत व्हर्लीनबाईंचं. त्या गावाच्या चिटणीस. आधीच्या चिटणीसबाई पायरीवरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं, म्हणून एकोणीस वर्षांच्या व्हर्लीनला पंधरा दिवस टायपिंगला बोलावलं होतं. ती सेहेचाळीस वर्षांनी उठली. मधल्या काळात आठ नगराध्यक्ष आले आणि गेले. प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात वाटायचं की गाव आपण चालवतो, आणि दुसऱ्या आठवड्यात कळायचं.

मला या बाईचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. पाण्याची जोडणी द्यायची तर अर्ज हवा. अर्जावर तारीख हवी. तारीख खोडलेली चालणार नाही. एकदा भर जुलैत मुख्य नळ फुटला, रस्त्यावर तळं झालं, आणि बाई मला विचारत होत्या की खोदायची परवानगी लिहून घेतलीस का. मी चिखलात गुडघाभर उभा, आणि त्या काठावर छत्री घेऊन, हातात कागद. सही करून दिली तेव्हा हलल्या. मूलबाळ नव्हतं. नवरा होयट, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, शांत माणूस. तो गेल्यावर बाई तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या आणि आधी त्याच्या नावावरचा कुत्र्याचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला.

आमची काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, पिढ्यान्‌पिढ्या दारूबंदीची. बिअर हवी तर एक्केचाळीस मैलांवर, काउंटीच्या हद्दीपलीकडच्या टपरीवर जायचं. मी दर शनिवारी जायचो. येताना खोकं ट्रकमध्ये मीटरच्या झाकणांखाली लपवायचो. बायकोला माहीत होतं, पाद्रीसाहेबांना माहीत होतं, बहुधा कुत्र्यांनाही माहीत होतं. आम्ही मेथडिस्ट पंथाचे असल्यामुळे आमचं थोडं खपून जायचं. गावातले बाप्टिस्ट पंथाचे लोक मात्र कडक, आणि व्हर्लीनबाई बाप्टिस्टांतल्या बाप्टिस्ट. गंमत म्हणजे गावात बिअर यायची सुतराम शक्यता नव्हती तेव्हाच, बहात्तर साली, आमच्या नगरसभेनं ठराव करून ठेवला होता, की उद्या आलीच तर चर्चपासून तीनशे फुटांच्या आत विकायची नाही. तो ठराव टाइप केला होता व्हर्लीनबाईंनीच. त्याची प्रत त्यांच्या खणात सगळ्यात वर असायची.

दोन हजार चारच्या सुमाराला डॉइल स्टबलफील्डच्या दुकानावर पाळी आली. गावात किराण्याचं ते एकच दुकान, त्याच्या आजोबांनी काढलेलं. दूध, पाव, मक्याचं पीठ, सायीचं ताक, कुत्र्याचं खाणं, जे लागेल ते तिथे. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा दहा-बारा म्हाताऱ्यांना डॉइल दुपारी स्वतः सामान पोचवायचा, आणि जाता जाता बल्बही बदलून द्यायचा. पण काउंटीच्या मुख्य गावात मोठं दुकान उघडलं आणि तरणी माणसं तिकडे जायला लागली. मालाचा ट्रक पाठवणाऱ्यांनी डॉइलला सांगून टाकलं की एवढ्याशा मालासाठी आम्ही सोरेलपर्यंत गाडी आणणार नाही. मागणी वाढवा, नाहीतर सप्टेंबरपासून बंद. ट्रक बंद म्हणजे दुकान बंद. दुकान बंद म्हणजे दुधाच्या बाटलीसाठी काउंटीच्या मुख्य गावापर्यंत जायचं, आणि म्हाताऱ्यांनी काय करायचं ते ठाऊक नाही.

डॉइलला एकच वाट दिसत होती. घरी नेण्यापुरती बिअर आणि वाईन. गावात मतदान घ्यायचं, दारूबंदी तेवढ्यापुरती उठवायची, मग परवाना.

मतदान घ्यायला दीडशे मतदारांच्या सह्या लागत होत्या. डॉइलनं एकशे एकाहत्तर आणल्या. व्हर्लीनबाईंनी मतदारयादी शेजारी ठेवली, पट्टी ठेवली, आणि दोन दिवस एकेक सही ताडून पाहिली. सत्तावीस बाद. त्यांत एक माझी. मी नुसतं जी. पीव्ही लिहिलं होतं, यादीत गेलन रे पीव्ही. मी म्हटलं, बाई, मी तुमच्यापासून बारा पावलांवर बसतो, मी कोण ते तुम्हाला ठाऊक नाही का. त्या म्हणाल्या की मला ठाऊक आहे, यादीला नाही. सगळ्या गावानं डोक्याला हात लावला. ही बाई बिअरच्या विरुद्ध, तिनं काटा काढला, असं जो तो म्हणायला लागला.

त्याच संध्याकाळी त्या स्वतः दुकानात गेल्या. ताकाची बाटली घेतली आणि डॉइलला सांगितलं की तुझ्या सहा सह्या कमी पडतात, मुदत शुक्रवारी पाचपर्यंत आहे, आणि माणसांना पूर्ण नाव लिहायला सांग. किती कमी पडतात हे सांगू नये असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही, हे त्यांनी आधी पाहून घेतलं होतं. शुक्रवारी पाचला वीस मिनिटं असताना डॉइल नऊ सह्या घेऊन आला. बाईंनी तपासल्या, शिक्का मारला आणि म्हणाल्या की मी विरोधात मत देणार आहे. डॉइल म्हणाला, हो बाई, ठाऊक आहे.

मतदानाआधी बाप्टिस्टांच्या चर्चमध्ये बुधवारचं जेवण होतं. तिथे ऑर्व्हिल टॅकेट उभे राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, चर्चचे सगळ्यात जुने कारभारी, धंद्यानं गवंडी, आवाज अजून खणखणीत. त्यांनी सगळ्यांसमोर व्हर्लीनबाईंना विचारलं की हे लोक आज एवढंच मागतात, उद्या तीनशे फुटांचे दोनशे करतील, परवा शंभर, मग काय. बाई म्हणाल्या, "ब्रदर टॅकेट, मी त्या खुर्चीत आहे तोवर तीनशेचे तीनशेच राहतील. माझा शब्द." त्या शब्दावर काही म्हाताऱ्यांनी मतदानाच्या दिवशी विरोधाला न जाता घरी बसणं पत्करलं. अकरा मतांनी बिअर आली. ती अकरा कुठून आली हे सगळ्यांना कळत होतं.

आता माझी चूक सांगतो. मतदान झालं त्याच आठवड्यात डॉइलनं मला विचारलं होतं की आपलं अंतर भरतं ना रे. मी माझी पाइपवाली टेप घेतली, दुकानाच्या दारापासून बाप्टिस्ट चर्चच्या दारापर्यंत मोजलं, तीनशे एकाहत्तर फूट. ऐसपैस. डॉइलनं काचेच्या दारांची तीन थंड कपाटं मागवून भिंतीला लावूनसुद्धा टाकली.

मी ज्या दारापर्यंत मोजलं ते मेस्कीट रस्त्यावरचं, गाड्या लावतात त्या बाजूचं. अख्खं चर्च त्याच दारानं आत जातं. स्वयंपाकघराशेजारून, कॉफीच्या वासातून. लहानपणापासून सगळे त्यालाच दार म्हणतात. मुख्य रस्त्याकडे पांढरे खांब आणि सहा पायऱ्या असलेलं दुसरं एक दार आहे, पण ते उघडायचं दोनदाच. नवरी बाहेर येताना आणि शवपेटी बाहेर काढताना.

जूनमध्ये एका सकाळी सहाला व्हर्लीनबाईंनी मला बोलावलं. अधिकृत मोजणी. सहाला का, तर पोलादी टेप उन्हात वाढते. मला हसू आलं, पण ती वाढते हे खरं आहे. त्यांची टेप शंभर फुटी, कातड्याच्या पेटीतली, दर वर्षी तेल दिलेली. डोक्याला हॅट, पायात चर्चला घालायचे बूट, हातात खडू. डॉइल दारात उभा राहून पाहत होता, बरोबर त्याची बायको. मोजायचं कसं हे ठरावात लिहिलेलं होतं. दुकानाच्या दर्शनी दारापासून निघायचं, रस्त्याकडच्या हद्दीनं जायचं, चौक आला की सरळ पार करायचा, आणि चर्चच्या दर्शनी दाराशी थांबायचं. पहिले शंभर झाले. दुसरे शंभर झाले. कोपरा आला, मी मेस्कीट रस्त्याकडे वळलो, आणि पाहतो तर टेप विरुद्ध बाजूला ओढली जातेय.

"बाई, दार इकडे आहे," मी म्हटलं.

"दर्शनी दार कुठे आहे?"

"हेच की. सगळे इथूनच जातात."

त्यांनी खांबांकडे बोट केलं. "गेलन, तू होयटला कोणत्या दारातून बाहेर काढलंस?"

होयटच्या पेटीला खांदा देणाऱ्या सहांत मी होतो. त्याच पायऱ्या उतरलो होतो. डॉइलकडे बघायची तर हिंमतच झाली नाही. मी मुकाट्यानं त्यांच्या मागे गेलो.

तिसऱ्या टप्प्याला त्या दाराशी टेपचा आकडा वाचत होत्या आणि मी अलीकडे खडूच्या खुणेवर टोक धरून बसलो होतो. नजरेनंच कळत होतं की कमी भरतंय. मग मी एक गोष्ट केली. टेप मधे किंचित झोल खाईल एवढी ढिली केली. झोल पडला की लांबी वाढते. कुणाला दिसलं नसतं. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "गेलन, सैल सोडू नकोस."

मी ताणली. दोनशे शहाण्णव फूट चार इंच.

त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा आकडा वाचून त्यांनी मागे दुकानाकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई जिंकलेली नाही. ती रोज त्या दुकानातून ताक नेत होती. तिची शेजारीण, जवळजवळ आंधळी, डॉइलच्या भरवशावर जगत होती. तीन फूट आठ इंच. तेवढ्या लांबीच्या पलंगावर मी आडवा झालो तर माझे पाय बाहेर राहतील, एवढंच.

त्या आठवड्यात एकेक जण बाईंच्या टेबलाशी येऊन गेला. दुकानाचंच दार हलवता येईल का, हे पाहून झालं. एका बाजूला बंद पडलेल्या बँकेची भिंत चिकटलेली, दुसरी बाजू चर्चकडेच, आणि मागच्या भिंतीला थंड खोली. ठराव बदलायचा तर बाईंचा शब्द होता आणि त्या शब्दावर आलेली अकरा मतं होती. मग नगराध्यक्ष वेल्डन आला. हा एरवी गावचा न्हावी. खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला की व्हर्लीन, तीन फुटांचं कोण विचारतं, राजधानीतून माणूस थोडाच येणार टेप घेऊन. बाईंनी कातडी पेटी त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की मग तुम्ही मोजा आणि तुम्ही सही करा, नगराध्यक्षांना तो अधिकार आहे. वेल्डननं पेटी उचलली. थोडा वेळ हातात धरली. मग परत ठेवली आणि कुणाचे तरी केस कापायचे राहिलेत म्हणून निघून गेला.

तीन आठवडे बाई कुणाशी कामापलीकडे बोलल्या नाहीत. मी एकदा रागानं म्हणालो की तुमच्या कागदापायी गाव उपाशी मरणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला लाज वाटली. पण मी शब्द मागे घेतले नाहीत. आता घ्यावेसे वाटतात.

जुलैच्या शेवटच्या बुधवारी बाप्टिस्टांची कामकाजाची सभा होती. त्यांच्यात पाद्र्याचा हुकूम चालत नाही. सतरंजीचा रंग बदलायचा तरी हात वर करून मतं घेतात, आणि त्यावरून सहा महिने अबोला धरतात. मी मेथडिस्ट असून तिथे होतो, कारण बाप्तिस्मा देताना माणसाला ज्यात बुडवतात त्या हौदाची तोटी गळत होती. हौद व्यासपीठाच्या मागे, आणि तोटी त्याच्याही खाली. मी पाठीवर झोपून पाना फिरवत होतो तेव्हा सभा सुरू झाली. बाहेर पडायचं तर सगळ्यांसमोरून. म्हटलं, राहू दे, पडून ऐकू.

छपराचा खर्च झाला, उन्हाळी शिबिर झालं. मग कुणाला आणखी काही मांडायचंय का, असं पाद्रीसाहेबांनी विचारलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. व्हर्लीनबाई. पन्नास वर्षांत त्या या सभेत एकदाही बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी सरळ ठराव मांडला. मुख्य रस्त्यावरचं दर्शनी दार कायमचं बंद करावं आणि चर्चचा पत्ता मेस्कीट रस्त्यावरचा करावा.

असा सन्नाटा पसरला की मला पाना खाली ठेवता येईना. मग ब्रदर टॅकेट उठले. त्यांची काठी मी ओळखतो.

"म्हणजे बिअर विकता यावी म्हणून आपण देवाच्या घराचं दार बंद करायचं, व्हर्लीन?"

"बिअर विकली जाईल, ब्रदर. मी नाही म्हणत नाही. मी दुधासाठी मागतेय. तुमचं मक्याचं पीठ परवा तुमच्या दारात कोणी आणून दिलं?"

कुणीतरी मधेच सुचवलं की सध्या कुलूप लावू, परवाना मिळाला की उघडू, एकदा मिळालेला परवाना थोडाच काढून घेतात. दोघंचौघं हो हो म्हणाले. हौदाखाली मीसुद्धा म्हणालो. बाईंचा आवाज चढला नाही.

"तसं असेल तर मी माझा ठराव मागे घेते. कागदावर बंद आणि लग्नाला उघडं, असं मी सही करून देणार नाही. बंद म्हणजे विटा. पायऱ्या काढायच्या. त्यानंतर तिथून नवरी नाही आणि पेटीही नाही."

"तुझी आई त्या दारातून गेली," टॅकेट म्हणाले. या वेळी हळू. "होयट गेला. तूही जाशील, असं मला वाटलं होतं."

"मलाही तसंच वाटलं होतं, ब्रदर," त्या म्हणाल्या. "ते धरूनच मागतेय."

मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पाठीखाली ओली फरशी, तोंडावर पाण्याचे थेंब पडताहेत, आणि मी पाना छातीवर धरून तसाच पडून राहिलो. मी इतकी वर्षं या बाईला कागद समजत होतो. तिनं तीनशेचा शब्द पाळला, आकडा लपवला नाही, गावही उपाशी ठेवलं नाही, आणि ह्या सगळ्याची किंमत म्हणून गावातल्या कुणाकडे काही न मागता स्वतःचं शेवटचं दार देऊन टाकलं. असं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

हात मोजले. बाजूनं चव्वेचाळीस, विरुद्ध अडतीस. टॅकेटनी हात कुठे वर केला ते मला खालून दिसलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. पण आकडा वाचून झाल्यावर तेच म्हणाले की विटा मी लावणार, दुसऱ्या कुणी हात लावला तर बघा.

लावल्याही त्यांनीच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मी कालवलेला माल वाहत होतो आणि शिव्या खात होतो, कारण मला माल कालवता येत नाही असं त्यांचं मत होतं. डॉइल रोज सकाळी उन्हाच्या आधी त्यांच्यासाठी थंड चहाचा जग आणून पायरीवर ठेवायचा आणि न बोलता जायचा. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी पायऱ्या उखडल्या. व्हर्लीनबाई रोज जेवणाच्या सुट्टीत यायच्या, सावलीत उभ्या राहायच्या, आणि आपला सँडविचचा डबा तसाच परत न्यायच्या.

मग पुन्हा सकाळी सहाला मोजणी. सगळी, पहिल्यापासून. मी म्हटलं की तीनशे एकाहत्तर आहे, मी मोजलंय. त्या म्हणाल्या, तू मोजलंयस म्हणूनच. तीनशे सत्तर फूट नऊ इंच भरलं. त्यांनी चर्चकडून नव्या पत्त्याचं पत्र घेतलं, टपाल कार्यालयाचा शिक्का घेतला, मग टाइपरायटरवर कागद चढवला आणि डॉइलचं प्रमाणपत्र लिहिलं. सही करताना पेन दोनदा झटकलं. शाई येत होती.

ट्रक सप्टेंबरमध्ये आला. ऑक्टोबरमध्ये पहिली बिअर त्या काचेच्या कपाटांत लागली. मी पहिलं गिऱ्हाईक व्हायचं ठरवून गेलो आणि बघतो तर बाई गल्ल्याशी उभ्या, ताकाची बाटली घेऊन. माझ्या हातात सहाचं खोकं. मी ते मागे लपवायला गेलो. त्या म्हणाल्या की गेलन, तो आता कायदेशीर माल आहे, सरळ धर. आणि कपाटांकडे एकदाही न पाहता निघून गेल्या.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. टेपची पेटी मला दिली, तेल देत जा म्हणून बजावलं. ब्रदर टॅकेट त्याआधीच गेले होते, स्वयंपाकघराच्या दारानंच. दुकान चालूच राहिलं. आता डॉइलची मुलगी बघते, म्हाताऱ्यांना सामान अजून डॉइल पोचवतो, आणि त्या म्हाताऱ्यांत शेवटची काही वर्षं व्हर्लीनबाई होत्या.

त्या गेल्या तेव्हा एकोणऐंशीच्या होत्या. मार्च महिना, वारा सुटलेला. अंत्यविधीच्या सकाळी डॉइल माझ्या अंगणात आला. हातात पहार होती. डोळे सुजलेले.

"एक दिवस उघडू या, गेलन," तो म्हणाला. "पाद्रीसाहेब नाही म्हणणार नाहीत. संध्याकाळी मी परत विटा लावून घेतो. परवाना गेला तर गेला."

तो मनापासून बोलत होता. गावातलं एकही माणूस तक्रार करायला गेलं नसतं. मलाही ते हवं होतं, खोटं कशाला सांगू. मी त्याला आत बसवलं, कॉफी दिली, आणि हौदाखालून जे ऐकलं होतं ते त्याला सांगितलं. सतरा वर्षांत मी ते कुणालाही शब्दशः सांगितलं नव्हतं. पेटीही नाही, असं ती म्हणाली होती. त्यानं कॉफी संपवली. मग उठला आणि पहार माझ्या ट्रकमध्ये टाकून दिली.

दुपारी चर्च भरून गेलं. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, कॅथलिक, कुठेच न जाणारे, सगळे. आम्ही सहा जणांनी पेटी उचलली. पुढच्या टोकाला डॉइल, मागच्या टोकाला मी. स्वयंपाकघराशेजारचा तो बोळ अरुंद आहे आणि मधे काटकोनात वळण आहे. तिथे पेटी अडकली. अंत्यविधीचं काम बघणाऱ्या पेटीवाल्यानं खुणेनं सांगितलं की पुढचं टोक जरा उंच करा, तिरकी घ्या. आणि तेवढ्यात डॉइलला हुंदका आला. त्याचे खांदे हलायला लागले, हात ढिले पडले, आणि पुढचं टोक खाली यायला लागलं.

मी मागून म्हटलं, "डॉइल, सैल सोडू नकोस."

त्यानं मान हलवली आणि घट्ट धरलं. मग आम्ही बाईंना वळणावरून फिरवलं आणि मेस्कीट रस्त्याच्या दारानं बाहेर आणलं.